कठीण

आमच्या सासऱ्यांचं नाव चुलून.
चुलून म्हणजे दगड. बस, इतकंच सांगते,
तेही कागदावर. तोंडाने नाही.

लग्न होऊन त्यांच्या नमद्याच्या तंबूत आले तेव्हा
उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे माहीत होतं,
चौथ्या वर्षीच आईने पोटरीला चिमटा काढून शिकवलं होतं.
दोन खांबांच्या मधून वस्तू द्यायची नाही,
वाटी उजव्या हाताने, डावा हात कोपराखाली,
हेही अंगात मुरलेलं.
नावाचं मात्र कुणी काही बोललं नव्हतं.
पहिल्याच सकाळी मी म्हणाले, "शेगडीखालचा तो दगड..."
सासू चहा ढवळत होती. पळी थांबली.
एवढंच. कुणी रागावलं नाही.
पळी परत फिरू लागली तेव्हा
माझ्याकडे एक शब्द कमी होता.

मग मी 'कठीण' म्हणू लागले.
मेंढीच्या खुरात कठीण अडकलंय.
नदीतलं गुळगुळीत कठीण.
सासरे ऐकायचे, मिशीत हसायचे की काय
कधी कळलं नाही;
सुनेने तेवढं निरखून बघायचं नसतं.

ते गेले. मेंढ्या एकाच हिवाळ्यात गेल्या.
आम्ही उलानबातरला आलो, सातव्या मजल्यावर.
इथे खांब नाहीत, उंबरा म्हणजे पत्र्याची पट्टी,
तिच्यावर सगळी दुनिया पाय देते.
मी नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला.
"मूत्रपिंडात काय दिसतंय, कळतं का आजी?"
कळत होतं.
"कठीण आहे," मी म्हणाले.
"छे हो, एवढं काही कठीण नाही. बारीकसा दगड आहे."
मी दाराकडे बघितलं,
कुणी आलं तर नाही ना.

सोदनोम म्हणतो, बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली, आता म्हण की.
न्हाणीघरात नळ सोडून एकदा म्हटलंही.
हाक मारल्यासारखं वाटलं.
थोडा वेळ थांबले.
नळ बंद केला.

काल नात बालवाडीतून आली, एनेरेल,
खिशात तूल नदीकाठचे तीन.
बाईंनी विचारलं होतं, हे काय आणलंस?
"कठीण," ही म्हणाली. वर्गभर हसू.
डोळे भरून मला विचारते,
मग खरा शब्द कुठला?

तिन्ही माझ्या तळव्यावर ठेवले तिने, अजून ऊबदार.
माझा डावा हात आपसूक कोपराखाली गेला होता.

"आईला विचार," म्हटलं मी.