सहाव्या नंबरचं मशीन

टेबल चौदा फूट. टेम्पोत मावेना,
म्हणून अर्धं बाहेर, टोकाला लाल फडकं बांधून
हरभट रोडवरनं कुपवाडच्या आमच्या शेडपर्यंत आलं,
उंच माणसाला आडवं घालून आणावं तसं.

वृषाली आडमुठे म्हणाल्या, सहा फूट पुरे.
विश्रामबागेत फ्लॅट, चौथा मजला,
जेवायला चौघं.
वरनं गुळगुळीत हवं, काचेसारखं.
उरलेलं तुम्हीच ठेवा, मजुरीत धरा.
आणि ते काळे गोल जातील ना?

काळे गोल. चार-चार, सात ठिकाणी.
मशीनच्या रबरी पायांनी तीस वर्षं
एकाच जागी थरथरून
सागवानात वाट्या पाडलेल्या,
अंगठा बसेल एवढ्या.
जातील, म्हटलं.
हे टेबल मला ओळखीचं आहे, हे म्हटलं नाही.

कुसू सोडवला, तर खाचेतनं
चिमूटभर गाळ पडला, कोरडा, पिवळसर.
एकोणीस सालचा.
तेव्हा मशीनं आधीच भंगारात गेलेली,
म्हणून टेबल बुडालं नाही,
पाण्याबरोबर वर वर जात पंख्याला टेकलं.
पात्याची चंद्रकोर अजून आहे फळीवर.
वजन गेलेलं होतं म्हणून वाचलं,
असं बाबालाल म्हणाला, आणि विडी शोधायला लागला.

बाबालाल मिरजेचा, सतारीच्या गल्लीतला.
भोपळ्यांना पॉलिश करणारा हात
आठवड्यातनं तीन दिवस माझ्याकडं.
कुठलंही लाकूड आलं की आधी बोटानं वाजवतो,
कान लावतो.
ह्यावर त्यानं बराच वेळ टकटक केली.
"सूर न्हाई ह्यात. नुसता ठेका हाय."

मी टेप घेतली. दारापासून मोजलं.
एक, दोन, तीन. इथं करवत.
"मधनं धरू की, गाठी न्हाईत तिथं," तो म्हणाला.
नको, म्हटलं. इथंच.

कारण सहावं खिडकीपाशी होतं.
बोटांवर खोकं पालथं घालून भूपाल सर
घड्याळ धरून मागं उभे राहायचे,
त्यांच्या शर्टाला शाईचा आणि कापराचा वास.
सहाव्याचा ळ वर उठला की खाली यायचा नाही.
प्रत्येक अर्जाच्या शेवटी
'कळावे' लिहिताना मी अडकायची,
बोटानं तो परत खाली ढकलायची,
तेवढ्यात मिनिट संपलेलं असायचं.
तीस शब्द लागायचे. माझे बावीस.
दोनदा नापास झाले.
तिसऱ्यांदा गेलेच नाही,
वडिलांच्या दुकानात रंधा धरला
आणि दोन महिन्यांची फी तशीच राहिली.

पहिल्या तीन मशीनांच्या बारा वाट्या
ऐंशीच्या कागदानं घासल्या, मग एकशेवीस, मग दोनशेवीस.
भुसा उडाला तो काळा नव्हता,
साध्या सागाचाच होता.
चंद्रकोर मात्र चौथ्या नंबरावर, तिकडंच राहिली.
चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजला.
बाबालालनं कापसाच्या पुरचुंडीनं
आठ हात दिले, श्वास धरून,
आणि नवव्याला म्हणाला,
आता ह्यात जेवणाऱ्यांचं त्वांड दिसंल.

दिसलं. त्या वाकून बघत होत्या,
कपाळावरची बट सारत.
वडलांसारखंच कपाळ.

बिल दिलं. खाली दोन फुटांची साग वजा केलेली.
हे कशाचं, विचारलं त्यांनी,
उरलेलं मजुरीत धरा म्हटलं होतं ना?
धरलंय. एवढं सोडून.
क्लासची फी राहिली होती.

काही बोलल्या असतील. टेम्पो चालू होता.

चार-पाचचं बाकडं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलं.
सातव्याला वाळवी लागलेली, त्याच्या खुंट्या केल्या.
सहाव्यावर आम्ही चपड्याचा डबा ठेवतो.
बाबालाल कुठंही ठेवतो,
मी उचलून परत त्या चार गोलांच्या मध्ये.