उतार

ग्युमरीत वार्दगेस गाडी लावतो
बेकरीमागच्या उतारावरच,
तोंड खाली करून.

मंगळवारी सुरू झाली. बुधवारी नुसतं टक्.
गॅरेजच्या दारात मात्र
पहिल्याच चावीला, लाडात आल्यासारखी.
'हिला काय धाड भरलीय?' म्हणाला मेकॅनिक.

बॅटरी नवी. स्टार्टरला पान्याचे टोले.
कायमची मेली असती तर
शोधता तरी आलं असतं.

न्वार्दने बोनेटखाली हात घातला, अंधारातच,
एकेक वायर वाकवत गेली.
'बाबा, फिरवा. थांबा.
आता?'
टक्.
'आता?'

अर्थिंगची वायर. वरून धडधाकट,
सोलली तर आत हिरवी भुकटी.

नवी बसवून महिना झाला.
बर्फातही एका चावीत उठते.

वार्दगेस अजून उतारावरच लावतो.
चाकाखालचा दगडसुद्धा
तोच.