हजारी

आईला युरो कळत नाही.
तिला हजार कळतो.
हजार विड्या वळून, चाळीस कट्टे बांधून
चेकरपुढं टाकले की
हातावर पडतात ते दोनशे रुपये.
तिच्या लेखी पैसा तेवढाच, बाकी चिल्लर.

म्हणून अंबादासचा पगार
मी तिला हजारीत करून सांगितला,
कारखान्याच्या पासबुकामागं पेन्सिलनं:
दोन हजार नऊशे गुणिले नव्वद, भागिले दोनशे.
तेराशे पाच हजार.
तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.
"एका महिन्यात?"
सण, दुखणी, पानच न आलेले दिवस धरून
तिची सव्वाचार वर्षं.
त्या संध्याकाळी अख्ख्या विडी घरकुलात पेढे.

मग तिनंच विचारलं, चेकर किती छाट काढतो त्यातनं?
ती कधीच विसरत नाही,
हजारातल्या साठ-सत्तर विड्या
रोज मोडून टोपलीत जातात, मजुरी नाही.
म्हटलं, तिथला चेकर सरकार आहे,
त्याची छाट आधीच गेली, हे हातात आलेलं.
"मग उरलं की सगळं."

उरलं कुठलं.
खोली सातशे. म्हणजे तीनशे पंधरा हजार,
म्हणजे तुझं एक अख्खं वर्ष, आई,
एका खाटेला, एका खिडकीला
आणि चौघांत मिळून एका चुलीला.
केस कापायला नऊ दिवस.
कपभर कॉफीला जवळजवळ दोन.
("चहा कर की बे खोलीवर, पावडर धाडते.")
थंडीत भिंती गरम ठेवायच्या, त्याचं वेगळं बिल.
हे मात्र तिला पटेना.
एप्रिलात पत्र्याखाली बसून, पानं वाळू नयेत म्हणून
ओलं गोणपाट पुनःपुन्हा भिजवणारी बाई,
तिला उन्हाचे पैसे मोजणं कसं पटावं?

नळाचं मात्र तो खुशीनं सांगायचा.
दिवसरात्र पाणी, आई. रात्री तीनला पण.
इथं पाचव्या दिवशी, तेही अर्धा तास.
पिंपं भरता भरता मी हिशेब घालायचे,
या अर्ध्या तासाचं काय धरायचं,
कुठल्या रकान्यात?

पतपेढीचा हप्ता गेला,
दाळ-तांदूळ, बस, फोन गेला,
तरी शेवटी उरायचंच काहीतरी.
दर महिन्याला यायचं ते. खोटं कशाला बोलू,
माझ्या डी.एड.ची फी त्यातलीच,
हा पंखा त्यातलाच.

तिसऱ्या वर्षी आला गड्ड्याला.
होम मैदानात पाळणा साठ रुपये,
हा हसला: "एकसुद्धा नाही."
बाळीवेशीत न्हाव्यानं ऐंशी मागितले,
"एकाच्या आत."
जाताना नव्वदनं गुणत गेलेला
येताना नव्वदनं भागत आला होता.
शेंगाचटणी भागली, कडक भाकरी भागली,
रिक्षावाल्याशी घासाघीस करणारी मी
मधे उभी राहिले वेड्यासारखी.

आणि एका दुपारी
आई वळत होती, कात्रीचा तो एकसुरी आवाज,
अंबादास भिंतीला टेकून मोबाइलवर.
मी डोकावले.
दोनशे भागिले नव्वद.
दोन पूर्णांक बावीस.
बराच वेळ तो पडदा विझू देईना,
अंगठा फिरवत राहिला त्याच्यावर.
कॉफीला चार लागतात.
तोंडानं काही बोलला नाही.
उठून गोणपाट भिजवून आणलं,
पानांवर पसरलं, इतकं ओलं
की आई ओरडली, "काय करलालास बे, पानं कुजतील!"

परवा फोनवर तिनं विचारलं, केस कापलास?
कापले.
किती घेतला?
वीस.
वीस काय?
वीस गं.
ती थांबली. मीही थांबले, पेन्सिल हातात.
त्यानं गुणलं नव्हतं.

मग तिनं दातांनी धागा तोडला,
कट्टा सुपात टाकला
आणि नेहमीचंच विचारलं:
"भागतं का रे तुझं?"