बाजू द्या

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला कुणाच्या तरी दुकानात शिरावं लागतं.
अशानेच इथे ओळखी होतात.
सुराचेत मला असाच भेटला,
कवेत ट्रकचा गिअरबॉक्स, कोपरापर्यंत ग्रीस,
म्हणाला, बाजू द्या.
मी दिली. त्याला एकवीस वर्षं झाली.

तेव्हापासून तलात नोईतल्या या घराचा जमाखर्च मी लिहिते.
जहाजाने आलेलं जपानी भंगार
किलोच्या भावाने आत, नगाच्या भावाने बाहेर.
मधल्या खोलीतला ढीग सासऱ्यांच्याही आधीचा.
सासरे म्हणायचे,
तळ विचारायचा नाही, वरचं विकायचं.

दारापासून बारा पावलांवर चाओ फ्राया.
तिला आम्ही नावाने हाक मारत नाही.
आली, गेली, आज वास मारतेय,
एवढ्यावर भागतं.
वर्ष सरता सरता, पौर्णिमेच्या आसपास
समुद्र तिला मागे लोटतो,
मग ती गटारातून वर येते,
आमच्या चपला नेते, दुसऱ्याच कुणाच्या ठेवून जाते.
सासऱ्यांनी भिंतीवर खिळ्याने रेघा ओढल्यात,
रेघेपुढे साल.
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
प्रावितची उंची मोजायला वेगळी भिंत नव्हती,
त्याच्या रेघाही तिथेच.
आठव्या वर्षी त्याने पुराला मागे टाकलं.

आता फोटो काढणारे येतात.
गंजाला इतकं देखणं कुणी म्हटलं नव्हतं कधी.
मी उंबऱ्यावर लसूण सोलत बसले होते,
एका मुलीने हाताने खूण केली,
जरा सरकता का?
सरकले.
लसणाची सालं मात्र तिच्या फोटोत राहिली असणार.

शेजारच्या गोदामात कॉफी मिळते.
हिआ बुनने तिथे चाळीस वर्षं रॉकेलात बेअरिंगं धुतली,
परवा गिऱ्हाईक म्हणून गेला,
खिडकीजवळ, आपल्याच जागी बसला,
कप उपडा करून तळाला चीर आहे का पाहिलं,
पांढऱ्या पँटवर कॉफी सांडली.
दर ऐकून म्हणाला,
एवढ्यात मी अख्खा कार्ब्युरेटर द्यायचो,
तोही चालणारा.

या वर्षी लोखंडाला भाव आला
आणि आम्ही ढीग विकला.
तीन दिवस हातगाड्या.
गल्लीभर लोक दुकानांत शिरून बाजू देत उभे,
कुणी टोपी काढली, जणू घरातून कुणाला नेत होते.
तळाशी सोनं नव्हतं.
निळ्या फुलांच्या फरशा होत्या,
एकही फुटली नव्हती.
सुराचेत अनवाणी त्यांच्यावर जाऊन उभा राहिला,
याच घरात जन्मलेला, बावन्न वर्षांचा,
या जागी पहिल्यांदा.
काय करावं ते न सुचून
त्याने हात पँटला पुसले.

त्या रात्री पाणी दारातून आलं नाही.
फरशांच्या सांध्यांतून आलं,
शांतपणे, एकेक फूल भरत,
जसं काही किती तरी दिवस
खाली उभं राहून वाट बघत होतं.
प्रावितला फोन केला, तो रायोंगला असतो.
पाण्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं,
माझं स्टेअरिंगही दिलंत का,
ज्याचं भोंग्याचं बटण निघालं होतं?
मी म्हटलं, वजनात गेलं असेल.
तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग वही उघडली, सवयच ती.
आवक: नदी, चार बोटं.
भावाच्या रकान्यात काय लिहायचं ते अडलं,
पेन तसंच धरून बसले.
पहाटेची पहिली फेरीबोट गेली,
तिची लाट भिंतीखालून आमच्या खोलीत आली.
सुराचेतने आधी एक पाय उचलला, मग दुसरा,
आणि पायरीवर चढून बसला.