चामखीळ

वर्लीनने नवा मायक्रोवेव्ह घेतला
तेव्हा जुना गॅरेजमध्ये आला,
आणि त्याच्या दारावर तिनेच मार्करने लिहिलं:
यात पुन्हा कधीही खाण्याचं काही ठेवायचं नाही.

अलाबामात नोव्हेंबरातही शटर वर ठेवता येतं.
ठेवावंच लागतं. वाफ डोळ्यांत जाते,
आणि मी रडतोय असं वाटून
कुत्रा येऊन गुडघ्याला टेकतो.

काचेच्या भांड्यात चार औंस. आधी दुधासारखं.
दीड मिनिटात नासल्यासारखं, गुठळ्या-गुठळ्या.
नवशिका इथेच घाबरतो, टाकून देतो.
थांबायचं. ढवळायचं. परत आत.
मग केव्हातरी ते एकदम निवळतं
आणि काडीवरून एकतारी पाकासारखं उतरतं.
त्यात कलिंगडाच्या सालीचा हिरवा, चिमूटभर काळी चकाकी,
बुडावं म्हणून मीठ,
आणि लसणाचा अर्क. का, ते माशांना विचारा.

पहिला साचा प्लास्टरचा होता.
हॉयटने देवदारात कोरलेल्या गांडुळावरून घेतलेला.
हॉयट माझा भाऊ. कोरताना त्याचा हात चुकत नसे.
चुकला माझा: प्लास्टर ओतताना मानेपाशी
एक बुडबुडा राहिला,
आणि तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येक गांडुळाला
तिथे एक चामखीळ.
आम्ही हसायचो.
बास हसत नव्हते, गिळत होते.

मग बापाची बोट कुणाची, यावरून अकरा वर्षं.
बोट हॉयटच्या कुंपणाशीच आहे.
कुड्झूच्या वेलीने ती केव्हाच घेतली.

मी ॲल्युमिनियमचा साचा मागवला. महाग.
गांडुळं गुळगुळीत निघू लागली,
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखी.
टटच्या दुकानात डझनावर जातात.
कोण नेतं रे, मी विचारायचो.
नेतं कोणीतरी, टट म्हणायचा, आणि गल्ला मोजायचा.

शिकायला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट दोनदा सांगतो:
निवताना सपाट ठेवा.
वाकडं निवलं की जन्मभर वाकडं.
वर्लीन आतून विचारते,
गांडुळांबद्दलच बोलतोयस ना?

परवा शनिवारी पुतण्या आला, ब्रॅन्सन.
केवढा झालाय. दाढी.
हातात कॉफीचा मोठा डबा.
'बाबांनी दिलाय. वितळवायला.'
आणि मग, बुटांकडे बघत,
'नवी चालत नाहीत म्हणाले.'

डब्यात तुटकी गांडुळं, काठोकाठ.
शेपटी नसलेली, गळाने उभी चिरलेली,
दातांच्या बारीक रांगा उमटलेली.
ज्यांना मान उरली होती त्यांच्या मानेवर चामखीळ.
आणि वरच्या थरात नव्या साच्यातली,
पाकिटांसकट, एकही न वापरलेली.
विकत मात्र घेतलेली.

वेगवेगळे रंग एकत्र ठेवू नका,
एकाचा दुसऱ्यात उतरतो,
हे माझ्याच पाकिटांवर छापलेलं असतं.
डब्यात लाल राहिला नव्हता, पांढरा तर नव्हताच.

जुना साचा रंगाच्या डब्यांमागे सापडला.
आडवा चिरलेला. तारेने आवळला,
आत तेलाचा हात फिरवला.
बुडबुड्याच्या खड्ड्यात कोळ्याने घर केलं होतं,
ते काडीने काढलं.
मग मूठभर तुकडे भांड्यात टाकले.

जो रंग आला तो माझ्या एकाही बाटलीवर नाही.
पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी
धरणामागे नदी असते, तसा काहीसा.
लसूण घालावी लागली नाही. जुनी होतीच.

'किती वेळ लागेल?' ब्रॅन्सनने विचारलं.
रस्त्यावर त्याची गाडी सुरूच होती.
शेजारच्या सीटवर कोणी बसलं होतं का,
मी मान वर करून पाहिलं नाही.
ढवळत होतो.
हात थांबला की करपतं.