मांड

एकतीस वर्षं ठाण्याच्या आरटीओत
शिकाऊ परवान्यांवर शिक्के मारले.
स्वतः कधी लुनासुद्धा चालवली नाही.
निवृत्त झाले, आणि दुसऱ्या सोमवारी
ओवळ्याच्या पुढे, मेट्रोचे खांब ओलांडून,
नर्सरीमागच्या पागेत जाऊन विचारलं,
अठ्ठावन्नाव्या वर्षी घेता का शिकायला?

रोहिणी भोईर, वय बावीस, गळ्यात शिट्टी,
माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली,
"घोडीला विचारा."

घोडीचं नाव गुलछडी. सतरा वर्षांची.
पांढरी म्हणायचं नाही, नुकरी म्हणायचं,
यासीनभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं.
गुलाबी नाकपुड्या, फिकट पापण्या,
पोटावर जुन्या पट्ट्याचा वळ.
मी तिचा वास घेतला, तिनं माझा.
तिचा निर्णय आधी झाला.

चढायला तीन पायऱ्यांचा लाकडी चौथरा लागतो.
डावा पाय रिकिबीत. मग उजवा पलीकडे.
तो जातो, पण विचार करून जातो.
"टाच खाली, काकू. नजर वर.
खाली बघाल तर खाली जाल."

सोसायटीत कळलंच. लिफ्टमध्ये कर्णिकबाई हसल्या,
"वरातीमागून घोडं, काय हो?"
मीही हसले.
बत्तिसाव्या वर्षी लग्न झालं माझं.
तोवर घरात येणारेजाणारे घोडनवरी म्हणायचे.
एकदा आईसुद्धा,
बिरड्याचे वाल सोलता सोलता, मान वर न करता.
त्या शब्दात घोडा कशाला आला,
हे विचारायचं राहूनच गेलं.

पहिले दोन महिने दुडकीत
माझ्या मणक्याचं आणि खोगिराचं भांडण.
मग एका गुरुवारी ते मिटलं.
कसं, ते सांगता येणार नाही.
ती उचलते, मी उठते.
ती टेकते, मी बसते.
"यालाच मांड म्हणतात का?"
यासीनभाई नाल तपासत होते.
"बसली की विचारावं लागत नाही."

मार्गशीर्षात एका सकाळी
पलीकडच्या लॉनवर बँड सुरू झाला.
गुलछडी थबकली. कान पुढे.
तिनं डावा पाय उचलला, मग उजवा,
मान कमानीसारखी वळवली
आणि जागच्या जागी नाचायला लागली.
तेरा वर्षं नवरदेव वाहिले होते तिनं,
भिवंडीपासून वसईपर्यंत.
मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रोहिणी ओरडली. यासीनभाई बादली टाकून धावले.
मी लगाम सोडला नाही,
ओढलाही नाही.
माझा नवरा फियाटमधून आला होता. भाड्याच्या.
इथे ना तुरा, ना मुंडावळ्या,
डोक्यावर काळं हेल्मेट, गुडघ्याला गरम पट्टा,
कुणाच्याच लग्नाला न निघालेल्या आम्ही दोघी
नर्सरीच्या जास्वंदीसमोर नाचत होतो.
कुंड्यांना पाणी घालणारा मुलगा
पाइप तसाच धरून उभा,
एकाच कुंडीत धार.

बँड थांबला.
तिनं आणखी चार पावलं घातली,
हिशेब पुरा करायचा म्हणून.

उतरताना पुन्हा चौथरा.
डावा गुडघा काहीतरी बोलला, ऐकून घेतलं.
या रस्त्याचं नाव घोडबंदर.
म्हणे इथे गलबतांतून अरबी घोडे उतरायचे,
कित्येक दिवस पाण्यावर डुलून
जमिनीवर पहिला पाय ठेवताना थरथरायचे.
असेल नसेल. माझी पहिली पावलं मात्र
रोज तशीच पडतात.

गुळाचा खडा तिनं तळहातावरून
नुसत्या ओठांनी उचलला.
परतीच्या टीएमटीत शेजारचा कॉलेजकुमार
नाक मुरडून खिडकीकडे सरकला.
मला ऐसपैस जागा झाली.
मी हात धुतले नव्हते.