फटीकडं बघ

गुलमर्गला झाडं लांब लांब, म्हणतो नरसिंग,
बर्फ गुडघाभर, पडलं तरी गादी.
औलीला गच्च रान,
फांद्या वाकून टोपी मागतात.

बेचाळीस डिग्री. अशोक चौकात
सोड्याची बाटली गालाला लावून
मी विचारतो,
आणि हिप्परग्याच्या बांधावरनं
पोत्यावर बसून घसरायचो ते?

"त्या बाभळी सगळ्यांत अवघड,"
कोपराचा वण दाखवतो.

सुटायचं कसं रे?

"खोडाकडं बघायचं नाही.
बघितलंस की आदळलास.
मधल्या मोकळ्याकडं बघायचं."

त्याचे वडील यंबय्या,
तीस वर्षं मागावर, ऐकू कमी येतं.
कशाला हसले कोण जाणे.
हवेतच मनगट झटकून
धोटा सोडला त्यांनी
उभ्या धाग्यांच्या मधनं.